हिल्ले म्हणजे नाही

आमच्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते नाव आता दुसऱ्याच्या मालकीचं आहे, रीतसर नोंदणी करून घेतलेलं. आम्ही चौघं होतो. साडेतीन वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीत आणि नंतर बाहेरही पंक वाजवत हिंडलो. पंक म्हणजे काय हे त्या काळात मी इतक्या लोकांना समजावलं, की आता पुन्हा सांगायचा कंटाळा येतो. जोरात, भराभर, मोजक्या सुरांत वाजवायचं आणि गाण्यात कुणाला तरी सुनावायचं. एवढं पुरे.

मी बल्लारपूरचा. वडील पेपर मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली होते. बारावीपासून मी भीमगीतांच्या एका पार्टीत बेस गिटार वाजवायचो. एप्रिलमध्ये जेवायला फुरसत नसायची आणि पावसाळ्यात कुणी विचारायचं नाही. बँडमधला गिटारवाला माझ्याच गल्लीतला, शाळेपासूनचा दोस्त. तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि तिसऱ्या वर्षी सोडून परत आला. येताना एक इलेक्ट्रिक गिटार आणि मोबाइलभर गाणी घेऊन आला.

"अबे, याले शिकावं लागत नाई," तो म्हणाला. "तीन कॉर्ड पायजेत अन् राग पायजे. आपल्यापाशी दोन्ही हाय."

राग कुणावर, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ड्रमवर बसायचा तो झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टोपॅड वाजवणारा. आमच्याहून आठ वर्षांनी मोठा, बायकोमुलांचा माणूस, म्हणून आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं, पुढचे महिने तो रिकामा. त्या रिकाम्या महिन्यांत तो आमचा झाला आणि त्या दिवाळीला नाटकात परत गेलाच नाही. व्हिलन आला की हा ठोका, हिरोइन रडली की तो ठोका, अशा शिस्तीत पंधरा वर्षं काढलेला माणूस. आमच्याकडे त्याला कुणी काही सांगत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने दोन काड्या मोडल्या आणि लहान मुलासारखा हसला.

सराव करायचो गिटारवाल्याच्या मामाच्या आरामशीनवर. आठवड्याची सुट्टी असली की करवत बंद असायची. भुसा झाडून आम्ही अँप्लिफायर लावायचो. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. सहा दिवस ते याहून वाईट आवाज ऐकत असत.

पहिला कार्यक्रम कोरपन्याजवळच्या एका गावात, कबड्डीच्या स्पर्धेत. सेमीफायनल आणि फायनलच्या मध्ये अर्धा तास मोकळा होता, तो आम्हाला दिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून भर दुपारी आम्ही पाच गाणी वाजवली. कापसाचे दिवस, लोक शेतातून तसेच आलेले. पाचवं गाणं संपलं तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाबू, तुमचं सुरू कवा होते?"

आम्ही परत येताना हसलो, पण मला ते लागलं होतं. गाणी गिटारवाला लिहायचा आणि गायचाही तोच. सिस्टिम, साखळ्या, आग असलं सगळं. सिस्टिम म्हटलं की कोरपन्याच्या माणसाला डीजेची सिस्टिम वाटायची.

आमची चौथी, गाणारी, आम्हाला गडचिरोलीच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात भेटली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातलं तिचं गाव, घरी गोंडी बोलणारी. आमचं झाल्यावर मंडपाच्या मागे आली आणि मी वायर गुंडाळत होतो तिथे येऊन सरळ म्हणाली, "वाजवता चांगले तुम्ही. पण तुमचं गाणं कोणावर रागावते तेच समजत नाई."

गिटारवाल्याने ते ऐकलं. "मंग तू रागाव," तो म्हणाला. "हा घे माइक."

तिने माइक घेतला नाही, नुसतीच बोलली. ती चौदा वर्षांची असताना आत्याबरोबर वाळलेल्या मोहफुलांची टोपली घेऊन एका खासगी बसमध्ये चढली होती. कंडक्टर म्हणाला, वास येतो, उतर. आत्या म्हणाली, तिकीट काढते ना भाऊ. तो म्हणाला, उतर. गाडीतलं कुणी काही बोललं नाही. दोघी उतरल्या आणि अकरा किलोमीटर चालत बाजाराला गेल्या. हे सांगताना ती ओरडत नव्हती, पण 'उतर' म्हणताना तिचा आवाज असा झाला की भाऊने खाली ठेवलेली काडी उचलली आणि खुर्चीच्या पाठीवर ठोका धरला.

ते गाणं आम्ही पुढच्या दोन सुट्ट्यांत आरामशीनवर बसवलं. कंडक्टरचा 'उतर' आम्ही तिघांनी ओरडायचा आणि तिने एकटीने उत्तर द्यायचं, 'हिल्ले'. गोंडीत हिल्ले म्हणजे नाही. उतर, हिल्ले. उतर, हिल्ले. शेवटी वेग इतका वाढायचा की माझी बोटं सोलून निघायची.

"पण तुम्ही तर उतरल्या होत्या," मी एकदा तिला म्हटलं.

"त्या दिवशी उतरली," ती म्हणाली. "गाण्यात नाई उतरत मी."

त्या गाण्याने आम्ही वर आलो, हे मान्य करायला गिटारवाल्याला नेहमी जड गेलं. आम्ही वापरातून काढलेली एक काळी-पिवळी जीप घेतली, मागच्या सीट काढल्या, सामान भरलं आणि हिंडायला लागलो. राजुरा, मूल, नागभीड, आरमोरी, चामोर्शी. कॉलेजं, आठवडी बाजाराचे ओटे, गणपती-दुर्गेची मंडळं. तिचा सोमवारी वॉर्ड असला की रविवारी संध्याकाळपर्यंत तिला होस्टेलला पोचवावंच लागायचं. गाडीत ती औषधांची नावं पाठ करायची आणि भाऊ तिची परीक्षा घ्यायचा, त्याला त्यातलं एक अक्षर कळत नसताना.

आरमोरीला एका शाळेच्या पटांगणावर कार्यक्रम होता. 'उतर' सुरू झालं आणि मागे उभ्या असलेल्या बाया पुढे आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशव्या, बाजार करून घरी निघालेल्या. त्यांना पंक काय ते माहीत नव्हतं. पण आम्ही 'उतर' म्हटलं की त्या तिच्याबरोबर 'हिल्ले' ओरडायच्या. ज्यांना गोंडी येत नव्हती त्या 'नाई' ओरडायच्या. एक बाई तर 'नाई उतरत जा, काय करतं?' असं ओरडली आणि सगळं पटांगण हसलं. मी आयुष्यात वाजवलेलं सगळ्यात चांगलं ते तिथे वाजवलं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

एका विद्यार्थ्याने त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. महिनाभरात नागपूर, वर्धा, अमरावती, मग हैदराबाद आणि पुणे असे फोन यायला लागले. फोन गिटारवाला घ्यायचा, कारण त्याला त्या लोकांची भाषा येत होती.

पुण्याला मोठ्या मैदानावर तीन दिवसांचा महोत्सव होता. आमचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. साउंड तपासून झाल्यावर आयोजकांपैकी एक बाई पिशवी घेऊन आल्या. पिशवीत पिसांचा तुरा होता, मण्यांच्या माळा होत्या. बाई प्रेमाने बोलत होत्या. त्यांनी तिला 'तुमच्या संस्कृतीचा आम्हाला किती अभिमान आहे' असं सांगितलं.

ती म्हणाली, "तुरा आमच्याकडे ढोल वाजवणारी माणसं लावतात, नाचाच्या वेळी. मी नर्सिंगची पोरगी हाय. मी जीन्सवरच गाईन."

बाई गेल्यावर गिटारवाला म्हणाला, "एक बार लाव ना. तुले काय फरक पडते?"

"तूच लाव," ती म्हणाली. भाऊ हसला. मी हसलो नाही, बोललोही नाही. ही माझी जुनी खोड. दोन माणसं भांडत असली की मला एकदम वायरी तपासायच्या असतात.

तिने तुरा लावला नाही. निवेदकाने आम्हाला 'थेट जंगलातून' असं म्हणून स्टेजवर बोलावलं. थेट आम्ही बल्लारपूरहून रेल्वेने आलो होतो. 'उतर' सुरू झालं. तिने 'हिल्ले' म्हटलं आणि समोरची चार-पाचशे पोरं-पोरी हलायला लागली. आम्हाला आधी कळेना. ते सगळे कमरा हलवत होते, हसत होते, 'हिल्ले, हिल्ले' म्हणत एकमेकांना धक्के देत होते. त्यांना वाटलं, हे हिंदीतलं 'हिलना' आहे.

तिने हात वर करून गाणं थांबवलं. भाऊ थांबला, मी थांबलो, गिटारवाला चार सुरांनी उशिरा थांबला. ती माइकवर म्हणाली, "हिल्ले म्हणजे नाही. तो मला उतर म्हणतो. मी नाही म्हणते." लोकांनी मोठ्याने टाळ्या वाजवल्या. आम्ही गाणं पहिल्यापासून सुरू केलं आणि ते पहिल्यापासून हलायला लागले.

परतीच्या गाडीत ती वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. गिटारवाला खाली बसून मोबाइल पाहत होता. सगळीकडे तोच तुकडा पसरला होता, हलणारी गर्दी आणि तिचा आवाज. मुली घराच्या गच्चीवर त्याच्यावर नाचत होत्या, एका लग्नात नवरदेव नाचत होता. "पाह्य बे," तो मला म्हणाला, "लोकाले जे पायजे ते त्यायनं स्वतःच शोधलं."

पुढच्या कार्यक्रमापासून तो माइकवर 'चला, हिला!' म्हणायला लागला. तिने दोनदा सांगितलं, नको म्हणू. तो म्हणाला, लोक खूश होतात. तिसऱ्यांदा तिने सांगितलंच नाही. ती गायची आणि गाणं संपलं की लगेच खाली उतरून गाडीत जाऊन बसायची.

मग ते आमंत्रण आलं. गडचिरोलीत नव्या खाणीसाठी आलेली एक कंपनी लोकमहोत्सव भरवत होती. मोठा मंडप, मोठे लाइट, मुंबईचा साउंड. गिटारवाल्याने आरामशीनवर आम्हाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे न पाहता बोलत होता.

"त्या खाणीत आमच्या जमिनीचा पट्टा येते," ती म्हणाली. "तीन गावांच्या सभा चालू हायत. लोकं नाई म्हणून राह्यले. अन् मी तिथी जाऊन गाऊ?"

"तू तुह्यं गाणं गा ना. त्यायच्या तोंडावर गा. त्यालेच तर पंक म्हणतात."

"हे हलणारं गाणं? हे त्यायच्या तोंडावर गाऊ?"

त्याने गिटारची एक खुंटी पिळली. मग म्हणाला, "तू नसन येत तर आम्ही जाऊ. गाणं बँडचं हाय."

तिने भाऊकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "मले घरी विचारा लागन." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एकच तर कार्यक्रम हाय."

हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल. मला पैशांची ओढ नव्हती, कुणाची भीतीही नव्हती. मला तो स्टेज पाहिजे होता. भीमगीतांच्या पार्टीत मी चार वर्षं गायकाच्या मागे, पडद्याला टेकून उभा राहिलो होतो. मुंबईच्या साउंडवर माझा बेस कसा ऐकू येतो, ते मला पाहायचं होतं. खरं कारण एवढंच. तिने चपला घातल्या आणि बस स्टँडकडे निघून गेली. तिला सोडायलाही कुणी उठलं नाही.

महोत्सवाला गिटारवाल्याने नागपूरहून एक मुलगी आणली. ऑर्केस्ट्रात गाणारी, आवाजाने चांगली. तिने ते गाणं मोबाइलवरून पाठ केलं होतं. तुरा तिने आनंदाने लावला. सकाळी अकराचा कार्यक्रम. मंडपात पुढच्या रांगांत गावोगावहून गाड्यांनी आणलेली माणसं बसवली होती, प्रत्येकाच्या डोक्यावर कंपनीची पिवळी टोपी. आम्ही तिघांनी वाजवलं, भाऊही आला होता. साउंड खरोखरच चांगला होता. नागपूरची मुलगी 'हिल्ले' म्हणत कंबर हलवायची, मागे बारा नाचणाऱ्या मुली हलायच्या. पिवळ्या टोप्या हलल्या नाहीत. ती माणसं नुसती पाहत होती. त्यांना तो शब्द येत होता.

स्टेजच्या मागे मी बेस पेटीत ठेवत असताना एक माणूस आला. साठीचा, बारीक, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, हातात टोपी. त्याने विचारलं, "बाबू, पोरगी कुठी हाय?"

"कोणती पोरगी?"

त्याने तिचं नाव घेतलं. तो तिचा बाप होता. तिचं गाणं त्याने कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. गावात कंपनीची गाडी आली आणि गाडीवाल्याने सांगितलं, तुमच्या पोरीचा बँड हाय. "आम्ही या कंपनीवाल्यायसाठी नाई आलो," तो म्हणाला. "सभेत आम्ही नाईच म्हटलं हाय. पोरगी गाते म्हून आलो."

मी म्हणालो, "ती आज नाई आली."

त्याने मागे वळून पाहिलं. मग स्टेजकडे हात करून म्हणाला, "ते बाई हिल्ले म्हणून नाचत होती. आमच्यात हिल्ले म्हणजे नाई."

"मले माहीत हाय," मी म्हणालो.

"माहीत हाय?" त्याने विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. मी पेटीची कडी लावायला वाकलो. मागून कुणीतरी हाक मारली, गावाकडच्या गाड्या सुटताहेत म्हणून, आणि तो गेला. जाताना टोपी त्याने डोक्यावर घातली. ऊन होतं.

पंधरा दिवसांनी कंपनीचं रंगीत पत्रक निघालं. पहिल्या पानावर पुढच्या रांगेचा फोटो, मधोमध तिचा बाप, डोक्यावर पिवळी टोपी. वर लिहिलेलं होतं, गावं आमच्या सोबत आहेत. तिच्या गावात ते घराघरांत वाटलं गेलं. सभेत लोकांनी त्याला विचारलं, तू कोणाकडून हायस? तो सांगत राहिला, पोरीचं गाणं पाहायला गेलो होतो. फोटोत कुठेही पोरगी नव्हती.

ती आरामशीनवर आली तेव्हा तिच्या हातात ते पत्रक होतं. मी एकटाच होतो. गिटारवाला नागपूरला नव्या कार्यक्रमाची बोलणी करायला गेला होता. भाऊने तर महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, की तो परत नाटकात चालला. "नाटकात खोटं असते हे लोकाले माहीत तरी असते," एवढंच म्हणाला होता.

तिने पत्रक भुशावर ठेवलं.

"बाबा तिथी आलता हे तुले माहीत होतं?"

"हो. भेटला मले."

"मंग त्याले बाजूले काऊन नाई नेलं? फोन काऊन नाई केला मले? त्याची टोपी तरी काढून घेतली असती."

मी खरं तेच सांगितलं. "मी बेस पेटीत ठेवत होतो."

मी वाट पाहत होतो, की ती शिव्या देईल, काही फेकून मारेल. माझी तयारी होती. तिने भुशावरचं पत्रक उचललं, घडी केली, पर्समध्ये ठेवलं. बाहेर मामाचा मुनीम ट्रकमधून लाकूड उतरवून घेत होता. ट्रकने फाटक अडवलं होतं, म्हणून त्याला वाट विचारून ती कुंपणाच्या कडेने निघून गेली.

मी बँड सोडला असं म्हणता येणार नाही. मला पुन्हा बोलावलंच नाही. गिटारवाल्याने नागपुरात नवी माणसं घेतली, नाव नोंदवून घेतलं, आणि तो आता लग्नांच्या संगीताला आणि कंपन्यांच्या पार्ट्यांना वाजवतो. 'हिल्ले' त्याच्या यादीत शेवटचं असतं. दोन वर्षांपूर्वी तो बल्लारपूरला आला तेव्हा चौकात भेटला. "तेव्हाचे दिवस काही और होते बे," म्हणाला आणि मला चहा पाजला. मी तो चहा प्यायलो. मी आता कोरपन्याच्या बाजूला एका सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे वजनकाट्यावर आहे. ट्रक येतात, जातात. बेस मी भीमगीतांच्या पार्टीतल्या एका पोराला देऊन टाकला.

मागच्या उन्हाळ्यात आईला दाखवायला चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. ओपीडीच्या बाहेर एका जीपमधून बाळंतपणाचा पेशंट उतरवत होते, आणि पेशंटबरोबर ती होती. पांढरा एप्रन, केस कापलेले, एका हातात सलाइनची बाटली वर धरलेली. स्ट्रेचर भिंतीला लावलं, पण अडकवायला स्टँड नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला मी दिसलो. चेहऱ्यावर काही आलं नाही.

"जरा धरता का?" ती म्हणाली. "मी कागद करून येते. खाली नका करू."

पूर्वी ती मला अरे-तुरे करायची. मी बाटली धरली. पेशंट विशीतली असेल. डोळे मिटून, दात आवळून पडली होती. तिची सासू माझ्याकडे बघून गोंडीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मला त्या भाषेतला एकच शब्द येतो. हात भरून आला तेव्हा मी बाटली दुसऱ्या हातात घेतली, वरच धरून. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील.

ती स्टँड घेऊन आली. बाटली अडकवली, थेंबांचा वेग पाहिला, सासूला दोन शब्द बोलली. मी म्हणालो, "बाबा कसे हायत?"

"आहेत," ती म्हणाली. मग स्ट्रेचरची दांडी धरून वळली. "जा तुम्ही. तुमची आई तिकडे उभी आहे उन्हात."